दाराशी बिबट्या, आढ्याला उदमांजर: वाचकांचे प्रश्न

पाळीव प्राणी आणि वस्तीत येणारे रानातले प्राणी यांविषयी या वेळी बरीच पत्रं आली. सारखे प्रश्न एकत्र करून सात निवडले आहेत. उत्तरं पशुवैद्यक आणि वन्यजीव बचावाचं काम करणाऱ्यांनी मिळून दिली आहेत.

प्रश्न : आमची सोसायटी घोडबंदर रस्त्याला, येऊरच्या डोंगराला लागून आहे. गेल्या महिन्यात पहाटे तीनच्या सुमारास सीसीटीव्हीत बिबट्या दिसला. आमच्याकडे लॅब्रेडोर आहे, तो रात्री पार्किंगमध्ये साखळीला बांधलेला असतो. कमिटी वनविभागाकडे पिंजऱ्याची मागणी करणार आहे. कुत्र्याचं काय करावं, आणि पिंजऱ्याने प्रश्न सुटेल का? (ठाणे)

पहिलं काम आज रात्रीच करा : कुत्रा घरात घ्या. साखळीला बांधलेल्या कुत्र्याला पळता येत नाही, लपता येत नाही आणि भुंकून तो आपला पत्ता मात्र सांगत राहतो. बिबट्याला याहून सोपं भक्ष्य नाही. अहिल्यानगर जिल्ह्यात अकोले परिसरात झालेल्या अभ्यासात बिबट्याच्या आहारात, वजनाच्या हिशेबाने, सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला होता. तो ऊसशेतीचा मुलूख आहे. पण वस्तीच्या कडेचा बिबट्या कशाच्या मागे येतो, हे त्यातून कळतं.

घरात जागाच नसेल तर बंदिस्त खुराडं करून घ्या. लोखंडी अँगलची चौकट, त्यावर १० गेजची वेल्डमेश जाळी, भोकं दोन इंचांपेक्षा मोठी नकोत, कारण त्याहून मोठ्या भोकातून पंजा आत जातो. कोंबड्यांची षटकोनी जाळी वापरू नका, ती एका ओढीत फाटते. वरून छप्पर हवंच. सात-आठ फुटांची भिंत बिबट्या सहज चढून जातो, त्यामुळे चारही बाजूंनी जाळी आणि वर मोकळं आकाश अशी रचना निरुपयोगी ठरते. तळाला काँक्रीट आणि दाराला फिरवून बसणारी कडी ठेवा. नुसती सरकणारी कडी धडकेने उघडते.

फिरायला नेण्याच्या वेळा बदला. पूर्ण उजाडल्यावर आणि दिवेलागणीच्या आधी. पट्टा पाच-सहा फुटांचाच घ्या. लांबत जाणारा गुंडाळीचा पट्टा डोंगराच्या कडेला वापरू नका, कुत्रा झुडपात शिरला की तो तुमच्या हातात राहत नाही. रात्री नाइलाजाने न्यावंच लागलं तर कंपाउंडच्या आत, उजेडात, टॉर्च घेऊन आणि मोठ्याने बोलत. लहान मुलांना संध्याकाळनंतर डोंगराकडच्या बाजूला एकटं सोडू नका. बिबट्या समोर आलाच तर पळायचं नाही, वाकायचं नाही, खाली बसायचं नाही. मूल सोबत असेल तर उचलून घ्या, बिबट्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागे या आणि त्याला निघून जायला वाट ठेवा.

आता कचरा. तुमच्या पत्रात त्याचा उल्लेख नाही, पण बहुतेक ठिकाणी गोष्ट तिथेच सुरू होते. मागच्या गेटपाशी ओला कचरा साठतो, त्यावर भटकी कुत्री आणि डुकरं जमतात, त्यांच्या मागे बिबट्या येतो. झाकणाचे डबे, रोज सूर्यास्तापूर्वी उचल, आणि कुंपणाच्या दोन्ही बाजूंना दहा-पंधरा फूट गवत-झुडूप कापलेलं, एवढं केलं तरी फरक दिसतो. नुसते दिवे वाढवून बिबट्या थांबत नाही. दिव्यांचा उपयोग तुम्हाला तो दिसावा एवढाच.

पिंजऱ्याबद्दल स्पष्ट सांगतो : मागू नका. बिबट्या १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात अनुसूची १ मध्ये आहे, त्याला पकडायला मुख्य वन्यजीव रक्षकांची परवानगी लागते आणि नुसतं दिसणं हे त्याचं कारण होत नाही. मिळाली तरी पुढे काय होतं ते जुन्नरने पाहिलं आहे. तिथे २००० नंतरच्या काही वर्षांत बरेच बिबटे पकडून दुसरीकडे सोडले, आणि माणसांवरचे हल्ले कमी होण्याऐवजी वाढले. मोकळ्या झालेल्या हद्दीत दुसरा, बहुधा तरुण आणि अननुभवी बिबट्या येतो. पकडलेला बिबट्या जिथे सोडतात तिथे तो परका असतो आणि बिथरलेला असतो. माणसावर हल्ला झाला, बिबट्या विहिरीत पडला किंवा इमारतीत अडकला, तर वनविभागाच्या १९२६ या हेल्पलाइनवर फोन करा आणि गर्दी हटवा. अडकलेल्या बिबट्याच्या प्रकरणात माणसं जखमी होतात ती बहुतेक गर्दीमुळेच.

शेवटी लस. डिस्टेंपर या कुत्र्यांच्या जीवघेण्या रोगाचा विषाणू कुत्र्यांपुरता राहत नाही. २०१८मध्ये गीरमध्ये वीसहून अधिक सिंह मेले, त्यांतल्या काहींत हाच विषाणू सापडला होता. जंगलाला लागून राहणाऱ्याने आपल्या कुत्र्याची लस चुकवली तर तो धोका कुंपणापलीकडेही जातो. पिल्लाला सहा ते आठ आठवड्यांत डिस्टेंपर-पार्व्होची पहिली मात्रा, मग दर तीन-चार आठवड्यांनी सोळा आठवड्यांपर्यंत. रेबीजची तिसऱ्या महिन्यात, वर्षाने पुन्हा आणि पुढे दरवर्षी. पावसाळ्याआधी लेप्टोस्पायरोसिसची.

प्रश्न : आमच्या बाल्कनीच्या कोनाड्यात पांढऱ्या चेहऱ्याच्या घुबडाने पिल्लं घातली आहेत. रात्रभर फिसफिस आवाज येतो. घरचे अपशकुन म्हणतात. दुसरीकडे हलवता येईल का? (छत्रपती संभाजीनगर)

हलवू नका. हे गव्हाणी घुबड. अंड्यातून बाहेर आल्यापासून उडेपर्यंत पिल्लांना साधारण दोन महिने लागतात, मग जागा मोकळी होते. तोवर खाली जुनं कापड पसरा, बाल्कनीचा दिवा बंद ठेवा, एवढंच. उडाल्यावर कोनाडा जाळीने बंद केलात की पुढच्या वर्षी प्रश्न नाही. आवाज पिल्लांच्या भुकेचा असतो. ती वाढली की एका रात्रीत आई-बाप कित्येक उंदीर आणतात, म्हणून या काळात इमारतीत उंदरांचं विष टाकू देऊ नका. विष खाल्लेला उंदीर घुबडाच्याही जिवावर उठतो. अपशकुनाची गोष्ट बाहेर फार बोलू नका, दिवाळीच्या सुमारास जादूटोण्यासाठी घुबडं पळवणारे असतात आणि त्यांना असे पत्ते हवेच असतात.

प्रश्न : रस्त्यावरून आणलेलं तीन महिन्यांचं मांजराचं पिल्लू खेळता खेळता सात वर्षांच्या मुलाला ओरखडलं, थोडं रक्त आलं. पिल्लू धडधाकट आहे. आजी म्हणते हळद लावली की पुरे. इंजेक्शन लागतं का? (नाशिक)

लागतं, रेबीजचं. आधी नळाच्या वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं जखम धुवा, घड्याळ लावून. हा पंधरा मिनिटांचा भाग लोक दोन मिनिटांत उरकतात, आणि विषाणू कमी करण्याचा सगळ्यात मोठा वाटा त्याचाच असतो. मग आयोडीनचं जंतुनाशक. हळद, चुना, तिखट, कॉफी काहीही नको. पट्टी घट्ट बांधू नका. टाके घालण्याची घाई तर अजिबात नको.

रक्त न येता नुसता ओरखडा असेल तर तो धोक्याच्या दुसऱ्या वर्गातला धरतात आणि लस पुरते. रक्त आलं की तिसरा वर्ग : लस आणि त्यासोबत रेबीज इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडं), जे जखमेत आणि तिच्या भोवती टोचतात. ते पहिल्या मात्रेच्या दिवशीच द्यायचं, राहिलं तर सात दिवसांच्या आत. त्यानंतर त्याचा उपयोग नाही. सरकारी दवाखान्यात लस त्वचेत देत असतील तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी, स्नायूत देत असतील तर ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी. ० वा दिवस म्हणजे पहिल्या सुईचा दिवस, ओरखड्याचा नव्हे. मात्रा मध्येच सोडू नका.

पिल्लाला घरातच ठेवून दहा दिवस लक्ष ठेवा. दहा दिवसांनी ते ठणठणीत असेल तर पुढच्या मात्रांचं काय करायचं ते डॉक्टर सांगतील. पण दहा दिवस वाट पाहून मग पहिली सुई, असं उलटं करू नका. पिल्लाला तिसरा महिना संपतोच आहे, हे दहा दिवस गेले की त्याची रेबीजची लस उरकून घ्या.

त्याच पत्रात शेवटी विचारलं आहे की ताप आला तर माणसांची गोळी द्यावी का. मांजराला पॅरासिटामॉल कधीही देऊ नका, अर्धी गोळीही जीव घेते. कुत्र्यांसाठी मिळणारी गोचिडांची परमेथ्रिनयुक्त औषधंही मांजरावर मारू नका.

प्रश्न : जुनं कौलारू घर आहे. आढ्यावर रात्री धावपळ चालते, वळचणीला विष्ठेचा ढीग साठतो, त्यात बिया असतात. वाडीतले म्हणतात कांडेचोर आहे. आमचं मांजर रात्री माळ्यावर जायला घाबरतं. डांबराच्या गोळ्या टाकल्या, उपयोग झाला नाही. (चिपळूण)

कांडेचोर म्हणजे उदमांजर. विष्ठेत भेर्लीमाडाच्या किंवा इतर फळांच्या बिया असतील तर शंकाच नको. डांबराच्या गोळ्या आज काढून टाका. उदमांजराला त्यांचं काही वाटत नाही, तुमचं मांजर मात्र त्या वासाने आणि चाटल्याने आजारी पडेल. विष आणि फास बेकायदा आहेत, कारण उदमांजर संरक्षित आहे. पकडून दूर सोडलं तर रिकाम्या आढ्यावर महिन्याभरात दुसरं येतं. वाट बंद करणं हाच उपाय, आणि तो क्रमाने केला नाही तर फसतो.

आधी वाट शोधा. संध्याकाळी वळचणीच्या फटींपाशी चाळलेली राख किंवा पीठ भुरभुरा. सकाळी पावलं दिसतील आणि आत-बाहेरची दिशाही कळेल. बहुतेक घरांत एक-दोनच वाटा वापरात असतात, बाकीच्या फटी नुसत्या असतात.

मग दिवसा माळ्याखाली कान देऊन ऐका. बारीक चिवचिव येत असेल तर पिल्लं आहेत. अशा वेळी फट बंद केली तर आई बाहेर राहते, पिल्लं आत मरतात, कुजतात, आणि आई आत शिरायला कौलं उचकटते. पिल्लं आईबरोबर बाहेर पडू लागेपर्यंत, म्हणजे दोन-अडीच महिने, थांबा. इथेच लोकांचा धीर सुटतो.

पिल्लं नसतील किंवा मोठी झाली असतील तर वापरात नसलेल्या सगळ्या फटी आधी बंद करा, एक इंची वेल्डमेशने, वॉशर लावून स्क्रूने. नुसत्या खिळ्यांनी ठोकलेली जाळी ते कोपऱ्यातून उचलतं. राहिलेल्या मुख्य वाटेवर जाळीचा ताठ तुकडा वरच्या कडेला बिजागरीने असा टांगा की तो फक्त बाहेरच्या बाजूला उघडेल. रात्री बाहेर पडलेलं जनावर परत आत येऊ शकत नाही. तीन-चार रात्री तसंच ठेवून, आतल्या बाजूला पुन्हा राख टाकून खात्री करा. पावलं उमटली नाहीत की ती वाटही पक्की बंद करा.

छपरावर टेकणाऱ्या आंबा-फणसाच्या फांद्या पाच-सहा फूट मागे कापा. नारळावरून उडी मारत असेल तर बुंध्याला माणसाच्या उंचीवर दोन फूट रुंद गुळगुळीत पत्रा गुंडाळा, उंदरांसाठी लावतात तसाच. पावसाळ्याच्या तोंडी पिकलेली फळं संध्याकाळी वेचून घ्या. मांजराची वाटी रात्री आत. वाटीतला भात-मासा हा उदमांजराला आणि उंदरांना रोजचं आमंत्रण असतो.

साठलेली विष्ठा सुकी झाडू नका. नाकातोंडाला मास्क, हातात मोजे, आधी एक भाग ब्लीच दहा भाग पाण्यात मिसळून भिजवा, पंधरा मिनिटांनी खरवडून खड्ड्यात पुरा. मांजराला तिहेरी लस (पॅनल्यूकोपेनियासह) आणि रेबीजची लस दिलेली असू द्या, आणि रात्री त्याला माळ्यावर जाऊ देऊ नका. झटापटीत मांजरच हरतं.

एक बाजू उदमांजराचीही सांगायला हवी. ते उंदीर खातं आणि बिया दूरवर पसरवतं. आढ्यावरून हटलं तरी वाडीत राहिलं तर तुमचा फायदाच आहे.

प्रश्न : पिल्लू असताना बाजारातून आणलेला पोपट दोन वर्षं पिंजऱ्यात आहे. आता कळलं की हे बेकायदा आहे. सोडून द्यावा का? (कोथरूड, पुणे)

बेकायदा आहे हे खरं, आपल्याकडचा कोणताही देशी पोपट, कंठवाला असो की पहाडी, विकत घेणं आणि पाळणं दोन्ही गुन्हा. पण खिडकी उघडून सोडणं हा उपाय नाही. पिल्लं विकणारे पंखांची पिसं कापतात. नवी पिसं जुनी गळल्यावरच येतात, त्याला महिने लागतात. शिवाय पिंजऱ्यातल्या पक्ष्याच्या छातीचे स्नायू अशक्त असतात आणि घार, मांजर म्हणजे काय हे त्याला माहीत नसतं. १९२६ वर कळवा आणि वनविभागाच्या मान्यतेच्या उपचार केंद्रात द्या. तिथे मोठ्या पिंजऱ्यात उडायला शिकवून, थव्यासोबत सोडतात. तोवर चहा, बिस्किट, दूधभात बंद. पेरू, मक्याचं कणीस, भिजवलेले हरभरे, पालेभाज्या द्या.

पक्षी हवाच असेल तर बजी, कॉकाटील, पीचफेस लव्हबर्ड हे परदेशी, पिंजऱ्यात पैदास झालेले पाळता येतात. आफ्रिकन ग्रे किंवा मकाव असेल तर केंद्र सरकारच्या परिवेश पोर्टलवर नोंदणी करावीच लागते. विकणारा ‘कागद नंतर देतो’ म्हणाला तर पैसे देऊ नका.

प्रश्न : लाल कानाचं छोटं कासव आणलं होतं, आता ताटाएवढं झालं. अंबाझरी तलावात सोडलं तर चालेल का? (नागपूर)

नाही. हे अमेरिकेतलं रेड-इअर्ड स्लायडर. आपल्या तळ्यांत ते तगतं, देशी कासवांचं अन्न आणि ऊन खाण्याच्या जागा बळकावतं, रोगही नेतं. हेच सकर माशालाही लागू. घरच्या टाकीतून सोडलेले सकर आता उजनी धरणातल्या मच्छीमारांच्या जाळ्यांत येतात आणि जाळी फाडतात. कासव पंचवीस-तीस सेंटिमीटरपर्यंत वाढतं आणि वीस वर्षांहून जास्त जगतं. ठेवणार असाल तर किमान दोनशे लिटरची टाकी, गाळणी, पाण्याबाहेर बसायची जागा आणि यूव्हीबी (अतिनील किरणांचा) दिवा लागेल. दिव्याविना कवच मऊ पडतं. हात लावल्यावर साबणाने धुवा, साल्मोनेला हा जंतू असतो. जमत नसेल तर घ्यायला तयार असलेला पाळणारा किंवा बचाव संस्था शोधा.

प्रश्न : पोर्वरीतलं बैठं घर, बाग आहे. मांजराने काल रात्री काळपट, पांढऱ्या पट्ट्यांचा साप घरात आणला, अजून जिवंत होता. शेजारी म्हणाले कवड्या आहे. मण्यार नव्हता हे कसं ओळखायचं? (गोवा)

कवड्या हा बिनविषारी साप, त्याचे पट्टे मानेपासूनच ठळक असतात आणि शेपटीकडे पुसट होत जातात. मण्यारचे उलट : डोक्याजवळ बहुधा नसतात, मागे जाताना स्पष्ट होतात, बरेचदा जोडीने येतात. कवड्या भिंतीवर सरसर चढतो, मण्यार सहसा जमिनीवरच. मण्यारच्या पाठीच्या मध्यावर मोठ्या षटकोनी खवल्यांची ओळ असते, पण ती बघायला वाकू नका. सहा फुटांवरून फोटो काढा, मांजराला दुसऱ्या खोलीत कोंडा, दाराच्या फटीला ओलं फडकं लावा आणि गोव्याच्या वनखात्याला किंवा परवानाधारक सर्पमित्राला बोलवा. पट्ट्यांचा साप घरात असेल तर, ओळख पटेपर्यंत तो मण्यारच समजा.

मण्यारचा दंश सहसा दुखत नाही, सुजत नाही, बरेचदा खूणही दिसत नाही. जमिनीवर झोपलेल्या माणसाच्या पोटात पहाटे दुखू लागतं, पापण्या जड होतात, बोलणं अडखळतं. असं झालं तर साप पाहिला नसला तरी थेट रुग्णालय. कापणं, चोखणं, आवळून बांधणं काही नको, फक्त अवयव हलू देऊ नका. आपल्याकडची प्रतिविष लस नाग, मण्यार, घोणस, फुरसे या चौघांवर चालते. चापडा या आणखी एका विषारी सापाच्या विषावर ती चालत नाही, म्हणून सापाचा फोटो असला तर डॉक्टरांना मदत होते. फोटोसाठी सापाच्या मागे मात्र जाऊ नका.

कुत्र्या-मांजरालाही हीच प्रतिविष लस देतात, पण प्रत्येक पशुवैद्यकाकडे ती नसते. तुमच्या भागात कोणाकडे मिळते ते आधीच विचारून नंबर फ्रिजवर चिकटवा. दंश झाल्यावर जनावराला चालवत नेऊ नका, उचलून न्या. घोणस चावली असेल तर चावल्या जागी झपाट्याने सूज येते, हिरड्यांतून किंवा लघवीतून रक्त येऊ शकतं.

मांजर रात्री घरात ठेवलं की साप आणणं जवळजवळ थांबतं, आणि पक्षी, खारी मारणंही. पहिले पाच-सात दिवस दाराशी ओरडेल, तेवढं सोसा. संध्याकाळी एकदा भरपूर खेळवून मग जेवण द्या, झोपतं. दारांच्या तळाला रबरी पट्टी किंवा ब्रश लावा, बोटभर फटीतूनही कवड्या येतो. सांडपाण्याच्या पाइपांच्या तोंडाला जाळी बसवा. विटा-लाकडांचा ढीग भिंतीला टेकून ठेवू नका. पक्ष्यांना दाणे घालत असाल तर जमिनीवर सांडलेले रोज झाडून घ्या, कारण दाण्यांवर उंदीर येतात आणि उंदरांवर साप.